साष्टी बेटावरचा बिबट्या, पाऊस आणि पहिली माणसं : मुंबई उपनगरातली विज्ञान-व्याख्यानं आपल्या काय कामाची?

आपल्याकडच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी बोरिवली, अंधेरी, घाटकोपर नाहीतर मुलुंडला राहतं. कुणाचा मुलगा कंपनीत आहे, कुणाची लेक तिकडे दिली आहे. बाकीचे आपण भाजी, दूध, फुलं घेऊन पहाटे जातो आणि माल उतरवून दुपारी परत येतो. पण ज्या जमिनीवर ही उपनगरं उभी आहेत ती काय आहे, तिथे आधी कोण राहत होतं, तिथे बिबट्या कसा टिकला, हे आपण कधी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. एका रविवारी मुलुंडला माल उतरवला तर भाचा म्हणाला, "मामा, दोन तास थांबा, बिबट्यावर भाषण आहे, जाऊ." मी म्हटलं, बिबट्यावर भाषण काय ऐकायचं, तो आमच्या गोठ्यामागे आठवड्यातून एकदा येऊन जातो. तरी गेलो. खुर्चीवर बसून झोप लागेल असं वाटलं होतं. पण बाहेर पडताना वहीची चार पानं भरली होती, आणि गावात पिंजऱ्याची मागणी करणाऱ्या अर्जावर मीच पहिली सही केली होती, ते आठवून थोडं ओशाळल्यासारखं झालं. त्यानंतर जमेल तसा जात राहिलो. ही व्याख्यानं कोण भरवतं, त्यात काय सांगतात आणि त्यातलं गावात काय उपयोगी पडतं, ते एका जागी लिहून ठेवतो आहे. लेख मोठा आहे. जपून ठेवा, एकदम वाचायला पाहिजे असं नाही.

आधी बेट समजून घ्या

मुंबई सात बेटांची, हे शाळेत शिकलो. पण ती सात बेटं म्हणजे कुलाब्यापासून माहीम-वरळीपर्यंतचा दक्षिणेचा भाग. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड त्यात येत नाहीत. ही सगळी गावं साष्टी नावाच्या वेगळ्या, मोठ्या बेटावर आहेत. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचं बेट, असा नावाचा अर्थ सांगतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी. ठाणे शहरसुद्धा याच बेटावर आहे. पूल, भराव आणि रेल्वे झाल्यामुळे आज आपण बेटावर चाललो आहोत हे कळत नाही, एवढंच.

हे बेट पोर्तुगीजांकडे होतं. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली साष्टी मराठ्यांनी घेतली आणि १७३९ मध्ये वसई पडली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. शीव आणि माहीमचे बांध झाल्यावर ती मुंबईला जोडली गेली. माहीमचा बांध १८४५ चा. पुढे बराच काळ हा भाग खेड्यांचाच होता. भातशेती, मिठागरं, ताडाची झाडं आणि कोळीवाडे. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला तो १ ऑक्टोबर १९९० रोजी. त्यात आजही अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. म्हणजे तहसीलदार आणि सातबारा तिकडेही आहेत.

जमीन काळ्या पाषाणाची, आपल्या सह्याद्रीसारखीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थिजला. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट टेकडी आहे, सुमारे दोनशे फूट उंच. तिच्या कड्याकडे पाहिलं तर दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवल्यासारखे दिसतात. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला अशा उभ्या चिरा पडतात. आज चारी बाजूंनी इमारती आहेत, पण कडा अजून उभा आहे. वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. लाव्हाचे लोट येत होते आणि मधल्या शांत काळात तळी साचून त्यात बेडूक नांदत होते, असा त्याचा अर्थ.

ही व्याख्यानं कोण भरवतं?

सगळ्यात जुनी संस्था बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून ती काढली. त्यात दोन आपले डॉक्टर होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, तर सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील आणि वनस्पतींचे जाणकार. सदस्यांनी जमायचं, कुणाला काय दिसलं ते सांगायचं, नमुना दाखवायचा, अशी त्यांची सुरुवात होती. सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते या सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो जगभर गाजला. एका पोराने प्रश्न विचारला आणि मोठ्या माणसाने नीट उत्तर दिलं, त्यातून हे झालं. या सोसायटीचं निसर्ग-शिक्षण केंद्र गोरेगावला फिल्मसिटीला लागून, जंगलाच्या कडेला आहे. तिथे भाषणं आणि निसर्गभ्रमण दोन्ही असतं.

दुसरी, मराठी विज्ञान परिषद. १९६६ साली स्थापन झाली. चुनाभट्टीला तिचं विज्ञान भवन आहे. विज्ञान मराठीतून सांगायचं हेच तिचं काम, त्यामुळे भाषेची अडचण नाही. गावोगावी तिचे विभाग आहेत.

तिसरी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा कार्यक्रम. २००९ पासून चालतो. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी लोक जमतात, चहा पितात आणि शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतात. बोलणं जास्त करून इंग्रजी-हिंदीत, पण हात वर करून मराठीत विचारलं तर कुणी हसत नाही.

चौथं, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक आणि नागरिक यांना घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' नावाची मोहीम काढली. जंगलालगतच्या सोसायट्या, पाडे, शाळा आणि पोलीस ठाणी इथे जाऊन बिबट्याबद्दल बोलायचं, हे तिचं काम.

खाडीच्या बाजूला राज्याचा कांदळवन कक्ष आहे. २०१२ साली स्थापन झाला. ऐरोलीला त्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून रोहित पक्षी बघायला बोट जाते. समुद्रकिनाऱ्यावर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवतो. जुहूच्या किनाऱ्यावर खेकडे, शंख, समुद्रफुलं किती तऱ्हेची आहेत ते तिथे वाकून बघायचं.

आणि कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग आहे. बहिःशाल म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेरचं. जुन्या वस्तू, लेणी, इतिहास यांचे वर्ग इथे चालतात. कॉलेजात न गेलेल्या माणसालाही तिथे बसता येतं.

बिबट्या : जे ऐकलं आणि जे उपयोगी पडलं

राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि चारी बाजूंनी दाट वस्ती. २०१८ च्या पाहणीत उद्यान आणि आजूबाजूच्या भागात ४७ बिबटे नोंदले गेले. कॅमेऱ्यात आलेल्या फोटोंवरून ही मोजणी करतात, कारण प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे.

२००४ साली इथे बिबट्याचे हल्ले खूप वाढले आणि माणसं गेली. लोकांची मागणी एकच होती, पिंजरे लावा आणि पकडून लांब सोडा. त्याच सुमारास जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकारी अभ्यास करत होते. त्यांना उलटंच दिसलं. बिबट्या पकडून अनोळखी ठिकाणी सोडला की तो बिथरतो. त्याला तिथल्या वाटा आणि पाणवठे माहीत नसतात, आणि तिथे आधीचे बिबटे असतातच. त्यामुळे सोडलेल्या जागेजवळ हल्ले वाढलेले दिसले. इकडे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या लगेच धरतो. म्हणजे पिंजऱ्याने आपला त्रास संपत नाही, शेजारच्या तालुक्याचा मात्र वाढू शकतो.

आता ही गोष्ट वाचा, आपल्या भागातलीच आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या वाचवला. गळ्यात यंत्राचा पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा ठेवलं. तो रस्ते, रेल्वेचे रूळ, वस्त्या आणि वसईची खाडी पार करत सुमारे १२० किलोमीटर चालून राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. साधारण महिनाभराच्या या वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. किती घरांच्या मागून गेला असेल, कुणाला कळलंही नाही. २०१४ चा 'आजोबा' सिनेमा यावरच आहे. शेवटी २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली गेला.

उद्यानाच्या कडेचे बिबटे खातात काय? जंगलात हरणं आहेत, पण कडेला त्यांच्या खाण्यात भटकी कुत्री भरपूर. कुत्री कशाने वाढतात? उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याने. म्हणून व्याख्यानात बिबट्याआधी कचऱ्यावर बोलतात. आपल्या गावातही कोंबड्यांची आतडी, मेलेली जनावरं ओढ्याच्या कडेला टाकतो. तिथे कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे तो येतो.

वहीत उतरवलेल्या गोष्टी अशा :

- अंधार पडायच्या वेळी लहान मुलाला एकटं बाहेर पाठवू नका. मूल बसलेलं, वाकलेलं असलं की बिबट्याला ते छोटं जनावर वाटू शकतं. संडास घराजवळ आणि उजेडात हवा.
- पहाटे पाणी द्यायला जाताना टॉर्च घ्या, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. त्याला आपली चाहूल लागली की तो बाजूला होतो.
- गोठ्याला वरून आणि बाजूने बंद करा. नुसती कुडाची भिंत त्याला अडवत नाही.
- दिसला तर पळू नका, दगड मारू नका, घेरू नका. त्याला निघायला वाट ठेवा. गर्दीत कोंडला गेला की माणसं जखमी होतात.
- वनखात्याचा नंबर १९२६. मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

उद्यानातले आणि आरे परिसरातले वारली आपल्या पाड्यांवर वाघोबाला पुजतात. वाघोबाच्या वाटेत यायचं नाही, त्याचा मान ठेवायचा, ही त्यांची रीत. अभ्यासकांनी कॅमेरे लावून जे सांगितलं, ते बरंचसं पाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याशी जुळतं.

बारीक जीवांचीही मोजदाद चालू असते. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे परिसरात उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदवली आणि तिला 'आयसियस तुकारामी' नाव दिलं. २६/११ च्या हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवणारे आपले हुतात्मा तुकाराम ओंबळे, त्यांच्यावरून.

खाडीतले रोहित

मुलुंड, भांडुप, कांजूरच्या पूर्वेला मिठागरं, तिवरांची झाडी आणि पुढे ठाण्याची खाडी. थंडीपासून मे महिन्यापर्यंत इथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. काही वर्षी लाखाच्या घरात. कच्छ आणि गुजरातकडून त्यांचं येणं-जाणं असतं, हे पायात कडी आणि पाठीवर यंत्रं लावून तपासलं आहे. मोठ्या संख्येने ते १९९० च्या दशकापासून दिसू लागले. कारण ऐकून नवल वाटेल. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्याने चिखलात शेवाळ वाढतं, आणि छोटा रोहित तेच शेवाळ गाळून खातो. अंगाचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पण घाण अजून वाढली तर ते शेवाळही टिकणार नाही, हेसुद्धा सांगतात.

२०१५ साली सुमारे १,६९० हेक्टर खाडी रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली, आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ हा जागतिक दर्जा मिळाला. तरी २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाला थवा धडकला आणि जवळपास ४० रोहित मेले. पंतनगरच्या रस्त्यांवर पक्षी पडले होते. ते रात्री का उडाले यावर वेगवेगळी मतं आहेत. पण भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. अशा जागा कमी होत चालल्या आहेत, हा मुद्दा प्रत्येक भाषणात येतो.

तिवर तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती आणखी पक्की झाली. मिठागरांच्या जमिनीवर पुनर्वसनाची घरं बांधायची की ती पाण्यासाठी मोकळी ठेवायची, हा वाद २०२४ पासून तापला आहे. घर नसलेल्याची गरज खरी आहे. भरतीचं आणि पावसाचं पाणी कुठेतरी पसरायला जागा लागते, हेही खरं. आपल्याकडे नदीच्या पुरात बुडणाऱ्या खाचरावर कुणी घर बांधत नाही. ती अक्कल आपल्याला आहे, म्हणून हा मुद्दा लवकर समजतो.

पाऊस : एकाच शहरात ९४४ आणि ७३

२६ जुलै २००५. तो दिवस आपल्यापैकी बरेच जण विसरले नसतील. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला पडला फक्त ७३ मिलिमीटर. अंतर अवघं २५-३० किलोमीटर. दक्षिणेत ऑफिसं चालू होती आणि कुर्ला, घाटकोपर, अंधेरीत माणसं बुडत होती. उंचच उंच ढग एका छोट्या पट्ट्यावर अडकून रिते झाले. त्यात समुद्राला भरती, त्यामुळे पाणी बाहेर जायला वाट नाही. पवई आणि विहारचं ओसंडणारं पाणी घेऊन येणारी मिठी नदी भराव आणि बांधकामांनी आवळली गेली होती.

त्या वेळी मुंबईला डॉप्लर रडार नव्हतं. ढगात पाणी किती आहे आणि तो कुठल्या दिशेने सरकतो, हे डॉप्लर रडारला कळतं. नंतर कुलाब्याला ते बसलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये दुसरं जोगेश्वरीजवळ वेरावलीला सुरू झालं. त्याचा फायदा आपल्या तालुक्यांनाही आहे, कारण रडारची नजर घाटापर्यंत पोचते.

मोबाइलवर इशारा येतो तो वाचायचा कसा, हे एका व्याख्यानात नीट समजावलं :

- २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस.
- ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार.
- त्याच्या वर म्हणजे अत्यंत जोरदार.
- पिवळा रंग : लक्ष ठेवा. नारिंगी : तयारीत राहा. लाल : आता हालचाल करा.

लाल म्हणजे तुमच्या वावरात ढगफुटी होणारच, असं नाही. इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि पाऊस पट्ट्यापट्ट्यात पडतो. २००५ चा आकडाच तेच सांगतो. म्हणून 'मागच्या वेळी लाल होता आणि काही झालं नाही' म्हणून पुढचा इशारा सोडून देऊ नका. खत टाकायचं, फवारणी करायची, भात कापायचं ते दोन दिवस पुढे ढकललं तर नुकसान थोडं. उलट झालं तर पूर्ण.

मोबाइलवर तीन अॅप ठेवा. 'मेघदूत'वर जिल्ह्याचा हवामान-सल्ला मराठीत मिळतो. 'दामिनी' वीज कुठे पडण्याचा धोका आहे ते सांगतं, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं आहे. 'मौसम' हे हवामान खात्याचं. तिन्ही फुकट आहेत.

मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर. आपल्याकडे तेव्हा राब भाजून व्हायचे होते आणि पेंढा बाहेर होता, ते सगळ्यांनी भोगलं आहे. एखादं वर्ष आधी येतो, एखादं वर्ष दडी मारतो. म्हणून तारखेवर शेती करू नका, इशाऱ्यावर करा, असं तिथे सांगतात.

आता अफवेचं. दर चक्रीवादळाच्या वेळी एक मेसेज फिरतो, '१८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली.' संशोधकांनी त्या काळच्या वेधशाळेच्या नोंदी आणि कागदपत्रं तपासली. असं वादळ त्यात नाही. एवढी माणसं गेली असती तर वर्तमानपत्रांत काहीतरी असतंच. ती बहुतेक कुणीतरी रचलेली गोष्ट आहे. पण म्हणून मुंबईला वादळाचा धोका नाही असं नाही. नोव्हेंबर १९४८ चं वादळ खरं होतं, २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आपण डोळ्यांनी पाहिलं. मेसेज पुढे ढकलायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

आणि कोळ्यांचं ज्ञान. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईच्या कोळीवाड्यांत लहान पोराला हे माहीत असतं. उधाण आणि अति जोरदार पाऊस एकाच वेळी आले की उपनगरात पाणी भरतं. तुमचं कुणी तिकडे असेल, तर पंचांग आणि इशारा दोन्ही बघून फोन करा.

पहिली माणसं

१९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याला कांदिवलीच्या टेकड्यांच्या परिसरात दगडाची हत्यारं सापडली. खाली जुनी, ओबडधोबड, वरच्या थरांत बारीक. त्यावरचा त्याचा लेख १९३९ मध्ये छापून आला. मढ, मनोरी, मार्वेच्या किनारपट्टीलाही बारीक पात्यांसारखी हत्यारं मिळाली. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी इथे माणूस शिकार करत होता, शिंपल्या-मासे गोळा करत होता. त्या जागांपैकी बहुतेक आज इमारतींखाली आहेत. लिहून ठेवलं म्हणून निदान कळतं तरी.

१८७० च्या दशकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राच्या पातळीखाली उभ्या झाडांचे बुंधे सापडले. आज जिथे खारं पाणी आहे तिथे पूर्वी जंगल होतं. किनारा कायम एका जागी नसतो, याचा हा पुरावा.

पुढे कान्हेरी. बोरिवलीच्या जंगलात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झाली आणि जवळजवळ हजार वर्षं भिक्खू तिथे राहिले. सोपारा आणि कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दानं दिली, त्यांचे लेख दगडात आहेत. शेतकऱ्याने तिथे जाऊन एक गोष्ट मुद्दाम बघावी, पाण्याची सोय. जवळपास प्रत्येक लेण्यापाशी खडकात टाकं खोदलं आहे आणि कड्यावरून येणारं पाणी चरातून त्यात वळवलं आहे. जुन्या लेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. डोंगरमाथ्यावर वर्षभर पाणी पुरवायचं तंत्र दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. शेततळ्याचं अनुदान तेव्हा नव्हतं!

अंधेरीला महाकाली लेणी, जोगेश्वरीची लेणी, बोरिवलीला मंडपेश्वर, ही सगळी त्याच बेटावर. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत. त्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे, वल्ही मारणारे लोक दिसतात. शिलाहार आणि यादव यांच्या लढाईशी बरेच अभ्यासक ती जोडतात. आपल्या गावाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ असतात, त्यांचेच हे भाऊबंद. गेल्या दशकात विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने आणि इतर संस्थांनी साष्टीत गावोगाव फिरून अशा वस्तूंची नोंद केली. देवळामागे, विहिरीच्या काठावर, कुणाच्या पायरीला लावलेले दगड त्यांनी शोधले.

यावरून आपल्यालाही काम आहे. रस्ता करताना, विहीर खणताना कोरीव दगड निघाला तर फोडू नका. फोटो काढा, जागा लिहा, तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

जायचं असेल तर

- बरेच कार्यक्रम फुकट असतात. निसर्गभ्रमण आणि बोटीला पैसे लागतात, नावही आधी नोंदवावं लागतं. संस्थेच्या अधिकृत पानावरच तारीख बघा.
- कार्यक्रम जास्त करून शनिवार-रविवारचे. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तो आधी पाहून घ्या.
- राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद असतं.
- किनाऱ्यावरचं फिरणं ओहोटीच्या वेळेवर ठरतं. पाय धरून ठेवणारी चप्पल किंवा बूट घाला. जीव उचलून घरी आणू नका.
- वही न्या आणि प्रश्न विचारा. 'आमच्याकडे असं होतं, ते का?' हा प्रश्न वक्त्याला सगळ्यात आवडतो.
- आणि गावात बोलवा. मराठी विज्ञान परिषद आणि बहिःशाल विभाग यांच्याकडे शाळा, वाचनालय किंवा ग्रामपंचायतीतर्फे पत्र लिहून विचारता येतं. उन्हाळ्यात, कामं हलकी असताना दिवस ठरवा.

शेवटी एकच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन छोटे तलाव त्या बेटावरच्या जंगलात आहेत. बाकीचे पाच, भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा, आपल्या बाजूला आहेत. त्यांचं पाणी आपल्या डोंगरातून जातं. आजोबा बिबट्याही आपल्या डोंगरातूनच तिकडे गेला. पाऊस तिकडून आपल्याकडे येतो. त्यामुळे त्या बेटाचं विज्ञान फक्त बेटावरच्यांनी ऐकायचं, असं काही नाही.

आमच्या गावातला पिंजऱ्याचा अर्ज मी मागे घ्यायला लावला नाही, तो प्रत्येकाचा निर्णय. पण शाळेत बसून तासभर बोललो. त्यानंतर ओढ्याजवळची आतडी टाकायची जागा बंद झाली आणि चार गोठ्यांना जाळी लागली. बिबट्या अजून येतो. गेल्या पावसाळ्यापासून वासरू मात्र एकही गेलेलं नाही.